आसरा आणि घर

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेला मराठी माणूस पानिपतास एकदा तरी जातोच. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर काला अंब नावाची जागा आहे. तेथे पूर्वी एक आंब्याचे झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने त्याची पाने व फळे काळी पडली, अशी लोककथा आहे. झाड केव्हाच वठून गेले. आज त्याच्या जागी एक विटांचा स्तंभ उभा आहे. दरवर्षी १४ जानेवारीस तेथे माणसे जमतात, फुले वाहतात, भाषणे होतात. भाऊसाहेब कसे पडले, विश्वासरावांस गोळी कशी लागली, डावपेच कोणाचे चुकले, यांवर अडीचशे वर्षे झाली तरी आपला वाद संपत नाही.

आम्हास मात्र तेथे गेल्यावर नेहमी दुसराच प्रश्न पडतो. रणाचा निकाल सायंकाळपर्यंत लागला. पण जे मेले नाहीत त्यांचे दुसऱ्या दिवशी काय झाले? घर शेकडो कोस दूर, धनी मेलेला, बोली परकी, आणि थंडी उत्तरेची. अशा जिवास आसरा कोण देतो, आणि त्या आसऱ्याचे घर केव्हा होते? हा प्रश्न केवळ माणसांपुरता नाही. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आणि दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलणाऱ्या आपल्या वर्गाच्या दारात तो मुक्या रूपाने नित्य येऊन बसतो. बदलीचा हुकूम निघतो, सामान बांधले जाते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात. आणि जिन्यावर एक मांजर राहून जाते. पुढे कोणी दयाळू मनुष्य ते प्राण्यांच्या आश्रयगृहात पोचवतो. तेथे ते फिस्कारते, बोचकारते, चावते. आणि ‘हे मांजर खुनशी आहे’ असा शेरा त्याच्या नावापुढे कायमचा पडतो. असे मांजर दुसऱ्या घरी नांदवता येते काय, हे या लेखात पाहावयाचे आहे; आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावयाचे आहे.

प्रथम पानिपतच घेऊ. नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून मराठ्यांची छावणी तेथे अडकून पडली होती. धान्य आणि वैरण दोन्ही तुटली; माणसांच्या आधी जनावरे खंगली. १४ जानेवारी १७६१ रोजी पराभव झाल्यावर जी लूट झाली तिचे वर्णन शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने केले आहे. एकेक स्वार आठ-आठ, दहा-दहा लादलेले उंट घेऊन जात होता आणि घोडे मेंढरांप्रमाणे कळपाने हाकले जात होते, असे तो सांगतो. त्या घोड्यांना, हत्तींना, बैलांना नवे धनी मिळाले. ते कसे रुळले, किती बिथरले, किती जणांनी नव्या माहुतास जुमानले नाही, याची नोंद कोणी ठेवली नाही. लुटीच्या यादीत आकडा असतो, स्वभाव नसतो.

माणसांच्या बाबतीत मात्र काही नोंदी उरल्या आहेत, आणि त्या विचार करण्याजोग्या आहेत. थकलेले, जखमी लोक दक्षिणेकडे निघाले तेव्हा भरतपूरच्या सुरजमल जाटाने त्यांस अन्नवस्त्र दिले व जखमांवर उपचार करविले. वास्तविक युद्धापूर्वी सुरजमल भाऊसाहेबांशी न पटून बाजूस झाला होता; तरी दार त्याने लावले नाही. समशेरबहाद्दर त्याच्याच मुलुखात जखमांनी वारला. पायास घाव लागून पडलेल्या महादजी शिंद्यांस राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या पाण्याच्या बैलावर घालून सुरक्षित नेले, ही हकीकत तर सर्वश्रुत आहे. महादजींनी त्यास पुढे ‘भाई’ म्हटले आणि मोठ्या योग्यतेस चढविले. या उपकारांचे एक लक्षण आहे. ते करणाऱ्याने आधी ‘हा माझ्या उपयोगाचा काय?’ असे विचारले नाही. ‘हा गोड बोलतो का?’ असेही विचारले नाही.

परंतु सुरजमलाने दिला तो आसरा होता. बरे झालेले लोक पुढे आपल्या मुलखास निघून गेले. जे गेले नाहीत त्यांची कथा निराळी. कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र या भागांत रोड नावाचा शेतकरी समाज आहे. त्यातील पुष्कळ लोक आपले मूळ पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांशी जोडतात आणि काला अंबच्या कार्यक्रमास मोठ्या संख्येने येतात. बलुचिस्तानातील बुगटी टोळीत ‘मराठा’ म्हणविणारे लोक आहेत. अब्दालीने नेलेल्या कैद्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. यांचे घर एका दिवसात झाले नाही. त्यास पिढ्या लागल्या. आसरा एका रात्रीत देता येतो. घर व्हावयास काळ लागतो, हा पानिपताच्या उत्तररंगाचा पहिला धडा.

आता मुक्या जिवांकडे वळू. माणूस आणि मांजर यांची आम्ही बरोबरी करीत नाही. पण आसरा देण्याच्या संस्था आपल्याकडे कशा वाढल्या हे पाहिल्यावाचून पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होते. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान; त्यामुळे शहरात मोठा दंगा उसळला आणि बाजार बंद पडले. त्या दंग्यातून दोन वर्षांनी, १८३४ साली, मुंबईचा पांजरपोळ निघाला. पुढे ‘सर’ झालेले जमशेटजी जीजीभाई आणि जैन व वैष्णव व्यापारी यांनी त्यास द्रव्य पुरविले. गुजरातेत पांजरपोळाची चाल त्याहून पुष्कळ जुनी. तिचे तत्त्व असे की, आलेल्या जनावरास मरेपर्यंत पोसावयाचे. ते लंगडे आहे, आंधळे आहे की मारके आहे, हे पाहावयाचे नाही. ही दया थोर आहे, यात संशय नाही. पण त्या दयेत जनावरास अंगण मिळते, स्वतःचे असे माणूस मिळत नाही. त्यातून मांजराची अडचण विशेष. ते जन्मतः मांसाहारी. मांसातील काही द्रव्यांवाचून त्याचे डोळे व हृदय बिघडते. अहिंसेच्या आवारात त्यास सांभाळणे म्हणजे मोठा पेचच. चांदणी चौकातील जैन मंदिराच्या पक्ष्यांच्या दवाखान्यातही शिकारी पक्ष्यांस औषध मिळते, पण मुक्काम मिळत नाही, हे अनेक वाचकांनी पाहिले असेल.

विलायतेत निराळी वाट निघाली. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये चुकलेल्या कुत्र्यांसाठी एक आश्रयगृह काढले. ते १८७१ साली बॅटर्सी येथे गेले आणि १८८३ पासून तेथे मांजरेही घेऊ लागले. तेथील कल्पना अशी की, धनी न आल्यास जनावर नव्या घरी द्यावयाचे. म्हणजे आसरा हा मुक्काम नव्हे, टप्पा. कल्पना उत्तम, पण तिचीही एक काळी बाजू होती. ज्यास कोणी नेत नसे अशा असंख्य जनावरांचा तेथे अंत केला जाई. एकूण पाहता, पांजरपोळाने जीव राखला पण घर दिले नाही. विलायती पद्धतीने घर दिले, पण घरास न शोभणाऱ्याचा जीव राखला नाही. दोन्ही पद्धतींची खरी परीक्षा झाली ती बिथरलेल्या जनावरापाशीच. गोंडस पिलास कोणीही नेतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सभासद असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयास कायद्याचे रूप यावे म्हणून खटपट केली. त्यांचे खासगी विधेयक सरकारच्या आश्वासनावरून मागे घेतले गेले आणि अखेर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्या कायद्याचे अकरावे कलम आपल्या वर्गाने अवश्य वाचावे. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सकारण नसता सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये! रक्कम वाचून हसू येईल. पण नियमांच्या आधारे जगणाऱ्या आपण लोकांनी दंडाचा आकडा न पाहता कलमाचा आशय पाहावा. बदली हे ‘सकारण’ होत नाही.

मग आश्रयगृहातील ते खुनशी ठरलेले मांजर मुळात तसे का वागते? येथे शास्त्राने गेल्या काही दशकांत बराच प्रकाश टाकला आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे, माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. २००७ साली आनुवंशिक तपासणीवरून पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजरात असल्याचे ठरले. माणसाने धान्य साठविले, धान्यास उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. कुत्रा माणसाच्या मागे आला. मांजर कोठाराच्या मागे आले. म्हणूनच आपल्याकडे त्यास पोत्यात घालून नदीपार सोडले तरी ते परत येते, अशा गोष्टी गावोगाव सांगतात. त्याची निष्ठा जागेशी असते. बदली हा आपणास हुकूम असतो. मांजरास तो भूकंप असतो.

दुसरी गोष्ट अशी की, पिलाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यास माणसाचा हात लागला तर ते माणसाळते. तो काळ टळला तर मनुष्यजातीविषयीची शंका त्याच्या मनात पुष्कळदा जन्मभर राहते. तेव्हा फिस्कारणे हा दुष्टपणा नव्हे, भय आहे. कित्येकदा ते दुखणेही असते. किडका दात, मूत्रमार्गाचा विकार किंवा जुनी जखम असली म्हणजे शांत मांजरही चावते आणि नको तेथे घाण करते. स्वभावाचा शेरा मारण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरास दाखविणे हे पहिले कर्तव्य. कचेरीतही कोणाचे काम अचानक बिघडले की समंजस वरिष्ठ आधी घरची खुशाली विचारतो.

अशा मांजरास घरी आणणाऱ्याने काय करावे, हे आमच्या परिचयातील एका बिऱ्हाडी आम्ही जवळून पाहिले. ते मांजर दोन घरांतून परत आले होते. या गृहस्थांनी त्यास सारे घर दाखविण्याची घाई केली नाही. एकच खोली, लपावयास एक उताणे खोके, दूर कोपऱ्यात रेतीचे पसरट भांडे, आश्रयगृहात अंगाखाली असलेलेच जुने फडके, आणि ठरल्या वेळी तेच ते अन्न. घरातील माणसे खोलीत जाऊन नुसती बसत; कोणी त्याच्याकडे टक लावून पाहत नसे, कोणी हात पुढे करीत नसे. दोरीच्या टोकास चिंधी बांधून दुरूनच खेळविणे होई. शिक्षा म्हणून कधी आवाजही चढविला नाही. तीन आठवड्यांनी ते खोक्याबाहेर अन्न खाऊ लागले. मांडीवर ते कधीच बसले नाही, आणि अनोळखी हात अंगावर आला की आजही पंजा उगारते. पण सायंकाळी दाराशी येऊन बसते. त्या कुटुंबाने एवढ्यावर समाधान मानले, आणि आमच्या मते यशाचे मर्म तेथेच आहे. चावरे मांजर घरी नेणे म्हणजे त्यास गोड मांजर बनविण्याचा करार नव्हे.

अर्थात दया आंधळी नसावी. रेबीजची लस मांजरास टोचलेली असावी. ओरखडा वा चावा लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात तान्हे मूल असेल तर असे मांजर आणू नये. आणि आश्रयगृहांनीही मांजराचा पूर्वेतिहास झाकून ठेवू नये. घर मिळावे म्हणून खोड लपविली की जनावर महिन्याभरात परत येते, आणि प्रत्येक परतीगणिक त्याची शंका वाढते. खरे सांगितल्याने दहा घरे नाही म्हणतील. पण अकरावे होकार देईल ते जाणून देईल.

बदलीवर जाणाऱ्यांपाशी आमचे एवढेच मागणे आहे. मांजर बरोबर नेता येत असेल तर न्यावे. आगगाडीचे नियम आधी विचारून घ्यावेत. नेता येत नसेल तर चार्ज देण्याच्या दिवसाची वाट न पाहता महिनाभर आधी त्यासाठी घर पाहावे, नव्या धन्यास दोन-चार वेळा घरी बोलवावे, आणि त्याच्या सवयी, भीती, औषधपाणी एका कागदावर लिहून द्यावे. फाईल हाती सोपविताना आपण टिपण जोडतोच. जीव सोपविताना ते का नसावे?

काला अंबच्या स्तंभाजवळ उभे राहिले की पराभवाची लाज वा शौर्याचा अभिमान यांपैकी काहीतरी मनात दाटून येते. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. पण त्या भूमीच्या आसपास ज्यांनी परक्या, घाबरलेल्या, जखमांनी चिडलेल्या माणसांस आत घेतले, त्यांचेही स्मरण आपण ठेवावे. त्यांनी जे दिले त्याची परतफेड त्यांस करता येत नाही. ती पुढच्या भेदरलेल्या जिवास करावी लागते. आणि तो जीव आज बहुधा आपल्याच जिन्याखाली बसलेला असतो.