मैदान आखणारे हात

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची गोल्फची जुनी मैदाने कुणा एकाने रचलेली नव्हती. वाळूच्या टेकड्या, वारा आणि चरणाऱ्या मेंढ्या यांनी ती घडवली. मैदान आखणे हा धंदा झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो ज्यांनी उभा केला त्यांना क्लबमध्ये नोकराचे स्थान होते. हौशी खेळाडू म्हणजे सद्गृहस्थ. पैसे घेऊन खेळणारा, चेंडू करणारा, गवत राखणारा तो ‘व्यावसायिक’.

सेंट अँड्र्यूजचे टॉम मॉरिस (१८२१–१९०८) हे विणकराचे पुत्र. अॅलन रॉबर्टसन यांच्याकडे ते पिसे भरलेले चामडी चेंडू करायला शिकले. १८४८च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला आणि त्यावरून गुरुशिष्यांचे बिनसले. १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेले. तिथल्या अपुऱ्या जागेत त्यांनी बारा होल बसवले. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा याच मैदानावर झाली. पुढे मॉरिस यांनी ती चार वेळा जिंकली. सेंट अँड्र्यूजला परतल्यावर मैदानाची देखभाल त्यांच्याकडे आली. पगार वर्षाला पन्नास पौंड. नवे मैदान आखून देण्याची त्यांची मजुरी होती दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. डॉरनॉक, म्युअरफील्ड, आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे त्यांचा हात लागला.

पुढे हॅरी कोल्ट हे वकील आणि अॅलिस्टर मॅकेंझी हे डॉक्टर या क्षेत्रात आले. या सुशिक्षितांच्या रचनांपुढे आधीच्या व्यावसायिकांचे काम म्हणजे नुसत्या खुंट्या ठोकणे, असा समज रुजला. तो अन्यायाचा आहे. मॉरिस यांच्या हाती यंत्रे नव्हती आणि क्लबांपाशी पैसा बेताचा होता. पाणी कुठे साचते, गवत कुठे तगते, वारा कुठून वळतो, हे त्यांना राबून कळलेले होते. शिवाय १८८७ आणि १८८९चे ओपन विजेते विली पार्क (धाकटे) यांनी १९०१ मध्ये लंडनजवळ सनिंगडेल उभारले. समुद्रापासून दूर, झुडपी माळावरही उत्तम मैदान होते, हे त्यातून सिद्ध झाले. पार्कही व्यावसायिकच.

तरी दार बंदच राहिले. १९२३ मध्ये ट्रूनच्या ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. बक्षीस समारंभापुरते आत बोलावल्यावर उपविजेते वॉल्टर हेगन यांनी ते नाकारले आणि ते प्रेक्षकांना घेऊन जवळच्या मद्यगृहात गेले.

डॉरनॉकचे डॉनल्ड रॉस हे गवंड्याचे पुत्र. ते सुतारकाम शिकले आणि मॉरिस यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. १८९९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या नावावर सुमारे चारशे मैदाने आहेत. १९४७ मध्ये अमेरिकेतील गोल्फ मैदान रचनाकारांची संस्था स्थापन झाली, ती रॉस यांच्या पाइनहर्स्ट येथे. तिचे मानद अध्यक्षपद या सुतारालाच देण्यात आले.