मकबऱ्यामागचा डोंगर

अजिंठा-वेरूळला गर्दी लोटते. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी मात्र निवांत असतात. रिक्षाचं भाडं, तिकिटाचे थोडे पैसे, पाण्याची बाटली आणि पायऱ्या चढायची तयारी एवढं पुरतं.

सातव्या लेण्यात दाराशेजारी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे. भोवतीच्या छोट्या चौकटींत वाटसरूंवरची आठ संकटं कोरली आहेत: आग, तलवार उगारलेला लुटारू, बेड्या, फुटणारं गलबत, सिंह, नाग, माजलेला हत्ती आणि मृत्यू. घाबरलेली माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत. सहाव्या-सातव्या शतकात व्यापाऱ्यांसाठी प्रवास म्हणजे जिवावरचा खेळ होता. शहरातल्या प्रत्येक शाळेची पहिली सहल इथेच यायला हवी!

पश्चिमेकडची पाच लेणी इथून थोड्या अंतरावर आहेत. त्यांतलं चौथं, म्हणजे चैत्यगृह, सगळ्यांत जुनं.