स्तनांची अतिवाढ : साडेतीनशे वर्षांची एक तक्रार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ नावाचे बंदर आहे. तेथील विल्यम डर्स्टन या डॉक्टरांची दोन पत्रे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' या नियतकालिकात १६६९ साली छापून आली. विषय होता तेवीस-चोवीस वर्षांच्या एका स्त्रीचा. रात्री ती धडधाकट झोपली आणि सकाळी तिला कूसही बदलता येईना, इतके तिचे स्तन वाढलेले होते. ही जुलैतील गोष्ट. ऑक्टोबरमध्ये ती मरण पावली. मृत्यूनंतर डावा स्तन तोलला तो ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो भरला. उजवा अंदाजे ४० पौंडांचा ठरवला गेला. कापून पाहिले तर आत पाणी नाही, कर्करोगाची खूण नाही. अवाढव्य आकार, एवढाच काय तो दोष.

एका रात्रीत एवढी वाढ कशी होईल, असे विज्ञानाचे शिक्षक विचारतील, आणि ते रास्तच आहे. पेशी वाढायला आठवडे, महिने लागतात. आधीपासून चाललेल्या वाढीकडे त्या सकाळी एकदम लक्ष गेले असावे. परंतु या विकारावरील लेखांत आजही तिचा उल्लेख येतो तो त्या ६४ पौंडांसाठी, हे आम्हांला अधिक विचार करण्याजोगे वाटते. पुढेही बराच काळ डॉक्टरांनी या विकाराचे वजनच केले आहे.

कारणांचा शोध मात्र विसाव्या शतकाची वाट पाहत थांबला. स्तन म्हणजे दूधग्रंथी, त्यांना बांधून ठेवणारी ऊती आणि मेद. त्यांची वाढ संप्रेरकांच्या हुकमाने होते. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक स्वतंत्रपणे वेगळे केले, तेव्हा कोडे सुटल्यासारखे वाटले असेल : संप्रेरक जास्त, म्हणून वाढ जास्त. प्रत्यक्षात अशा बहुतेक स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण नेहमीसारखेच आढळते. म्हणून दोष हुकमात नसून तो ऐकणाऱ्या ऊतीत असावा, ती नेहमीच्या संप्रेरकालाही जादा प्रतिसाद देत असावी, असे मानले जाते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास काही थोड्या मुलींत आणि गरोदरपणी फारच विरळा स्त्रियांत ही वाढ झपाट्याने होते. १९७० च्या दशकात पेनिसिलामीन या औषधानेही ती झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. बाकी पुष्कळ जणींत लठ्ठपणाचा वाटा असतो, तर काहींत कारण सापडतच नाही.

शस्त्रक्रियेची कथा अधिक रंजक आहे. सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने पुरुषांचे वाढलेले स्तन कमी करण्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचा छेद सांगितला होता. स्त्रियांसाठी फ्रान्समध्ये पूसाँ यांनी १८९७ साली स्तनाच्या वरच्या भागातील चंद्रकोरीएवढी ऊती काढून उरलेला भाग छातीच्या स्नायूवरील आवरणाला टाकला. अडचण होती स्तनाग्राची. ऊती काढावी तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरते. शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९२२ साली ते सरळ कापून वेगळे केले आणि कलमाप्रमाणे नव्या जागी लावले. १९३० साली श्वार्ट्समान यांनी स्तनाग्राभोवतीच्या कातडीचा फक्त वरचा पापुद्रा काढून खालचा थर राखला. रक्तवाहिन्यांचे जाळे त्यातच असल्याने स्तनाग्र जगू लागले. मग १९५६ साली रॉबर्ट वाइज या अमेरिकन सर्जनने कातडी कापण्याचा नमुना आखला, तो चक्क ब्रेसियर बेतण्याच्या कागदी नमुन्यावरून. शिंप्याचे बेतकाम सर्जनच्या टेबलावर गेले म्हणायचे. तोच नमुना जगभर आजही वापरात आहे.

तंत्र साधले, पण ते कोणासाठी वापरायचे? येथे पुन्हा काटा आला. दीड किलोहून अधिक, किंवा शरीराच्या वजनाच्या ३ टक्क्यांहून अधिक, अशा व्याख्या झाल्या. अमेरिकेत पॉल श्नूर यांनी १९९१ साली सर्जनांकडून माहिती गोळा करून रुग्णाच्या शरीराच्या मानाने किती ग्रॅम ऊती काढली जाते याचे एक कोष्टक मांडले. विमा कंपन्यांनी ते उचलले : इतके ग्रॅम निघाले तर आजार, त्याहून कमी तर नटण्याची हौस. हे कोष्टक त्या कामासाठी वापरू नये, असे पुढे १९९९ साली खुद्द श्नूर यांनाच लिहावे लागले. २००२ साली अमेरिकेतच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर स्त्रियांनाच प्रश्न विचारले होते : मान, पाठ, खांदे किती दुखतात, रोजची कामे होतात का? वजन घटवणे, व्यायामोपचार, खास ब्रेसियर यांनी टिकाऊ आराम पडला नव्हता, शस्त्रक्रियेने पडला. आणि तो किती ग्रॅम ऊती काढली यावर अवलंबून नव्हता! ही गोष्ट आधीच्या तीनशे वर्षांत कोणालाही विचारून कळली असती.

आपल्या वर्गातही अशी एखादी मुलगी असू शकते. दप्तर छातीशी धरून, खांदे पुढे पाडून चालते, पी.टी.च्या तासाला रोज काही सबब सांगते. पोरे चिडवतात, आणि घरी आई ओढणी नीट घे म्हणून सांगते. हा आळस नव्हे आणि लाजाळूपणाही नव्हे, हे बाईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय कळत नाही. मोठे स्तन म्हणजे आजार असे मुळीच नाही. मुलींची ठेवण वेगवेगळी असते आणि दोन्ही बाजूंत थोडा फरक तर बहुतेकींना असतो. पण मान-पाठ सतत दुखत असेल, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडत असतील, स्तनाखालच्या घडीत चट्टे उठून बरे होत नसतील, बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने वाढ झाली, विशेषतः एकाच बाजूला, तर थांबू नये. किशोरवयात अशा वाढीमागे कर्करोग नसलेली पण भराभर वाढणारी गाठही असू शकते. गाठ हाताला लागणे, कातडी लाल होणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्रातून रक्त येणे, यांसाठी कोणत्याही वयात लगेच गेले पाहिजे. गरोदरपणी एकाएकी होणारी वाढही त्यातलीच.

पहिली पायरी बहुधा साधी असते : मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रेसियर, पाठीचे व्यायाम, चट्ट्यांवर औषध. मुलींची शस्त्रक्रिया शक्यतो वाढ थांबल्यावर करतात, कारण आधी केल्यास स्तन पुन्हा वाढण्याचा संभव असतो. पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का, हा प्रश्न मुलीच्या आईने सर्जनला आधीच विचारावा. काही पद्धतींत ते बरेचदा शक्य राहते. थोरेक यांच्या कलमाच्या पद्धतीत दूधनलिका तुटत असल्याने साधारणपणे ते शक्य होत नाही.