पडद्यावरील सुपरमॅन : तारणहार ते भयकारी

सुपरमॅनचे भयकारी रूप ही अलीकडच्या चित्रपटांची निर्मिती होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जेरी सिगेल व जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या तरुणांनी १९३३ मध्ये हे नाव प्रथम दिले ते एका खलपुरुषाला. लोकरक्षक सुपरमॅन अवतरला तो १९३८ मध्ये.

पडद्याने मात्र हे भय दीर्घकाळ दूर ठेवले. १९७८ च्या चित्रपटात प्रेक्षक लोइस लेनसमवेत त्याचा हात धरून आकाशात विहरतो. ‘सुपरमॅन ३’ (१९८३) मध्ये नायक बिघडतो खरा. पण दोष कृत्रिम क्रिप्टोनाइटचा, सामर्थ्याचा नव्हे. भंगारखान्यात क्लार्क केंट त्या दुष्ट रूपाचा पराभव करतो आणि प्रश्न मिटतो. (हा प्रसंग उर्वरित चित्रपटाहून कितीतरी सरस आहे.)

खरे स्थित्यंतर झॅक स्नायडर यांच्या चित्रपटांत घडते. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) मधील मेट्रोपोलिसचा विध्वंस २०१६ च्या चित्रपटात पुन्हा दिसतो, तो ब्रूस वेनच्या नजरेने, रस्त्यावरून, धुळीच्या लोटांतून. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कचे स्मरण येथे अपरिहार्य ठरते. नायक दुष्ट झालेला नाही. तरीही खाली उभ्या असलेल्या माणसास तो भयावह वाटतो. ‘द बॉइज’ (२०१९) मालिकेतील होमलँडर अधिक क्रूर आहे, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रश्न सोपा करून टाकतो. स्नायडर यांचा सुपरमॅन जाब देण्यासाठी स्वतः सिनेटच्या समितीपुढे उभा राहतो. मात्र त्याने एक शब्द उच्चारण्यापूर्वीच तेथे स्फोट होतो.