एकादशी, दुप्पट खाशी : दोष कोणाचा?

राळेगावला शिक्षकांशी गप्पा मारत असताना एका बाईंनी आम्हाला विचारले, "तीनदा वजन उतरवले, तीनदा परत चढले. दिवसभर कडक पथ्य पाळते आणि रात्री उभ्या उभ्या डबे रिकामे करते. माझे मन इतके दुबळे कसे?" शेजारचे गुरुजी म्हणाले, "एकादशी, दुप्पट खाशी!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

या म्हणीत दोष खाणाऱ्याच्या माथी मारलेला आहे. तो खरोखर त्याचा असतो का? उत्तरासाठी आपल्याला 1944 सालात जावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लाखो माणसे उपाशी होती. त्यांना पुन्हा खाते-पिते कसे करायचे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी त्यासाठी एक प्रयोग योजला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले 36 धडधाकट तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. आधी तीन महिने पोटभर जेवण. मग फेब्रुवारी 1945 पासून सहा महिने जवळजवळ निम्मे : बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालणे.

वजन पाव हिश्श्याने घटले, हे अपेक्षितच होते. पण मनाचे काय झाले? हे तरुण मनाने खंबीर म्हणूनच निवडलेले होते. तरी ते चिडचिडे आणि उदास झाले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. डोक्यात सतत अन्नाचाच विचार. ते पाककृतींची पुस्तके वाचत, ताटल्या चाटून पुसून घेत. काहींनी चोरून खाल्ले आणि मग पश्चात्तापाने पोळले.

पुढे जेवणावरचे बंधन उठले. पोट तुडुंब भरले तरी काहींची भूक शमेना. चरबी झपाट्याने परतली आणि पूर्वीपेक्षा जास्त साठली. स्नायू मात्र मागे राहिले. शेवटपर्यंत निरीक्षणाखाली राहिलेल्या 12 जणांच्या नोंदी अब्दुल डुल्लू आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये पुन्हा तपासल्या. स्नायूंसह चरबीविरहित भाग भरून निघेपर्यंत त्यांचे जास्तीचे खाणे चालूच होते, असे दिसले.

शरीर असे का वागते? आपल्या वऱ्हाडात 1899-1900 साली भीषण दुष्काळ पडला होता. असे दुष्काळ माणसाने हजारो वर्षे सोसले आहेत. पथ्य आणि दुष्काळ यांतला फरक शरीराला कळत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात, हे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने दाखवले. चरबी घटली की लेप्टिन घटते; मग मेंदू भूक वाढवतो आणि खर्च आवरतो. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन दूरदर्शन-स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. तरीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 उष्मांक कमीच खर्च करत होते. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला.

अर्थात प्रत्येक अनावर खाण्यामागे पथ्यच असते असे नाही. आनुवंशिकता, ताण, अपमान हीही कारणे असतात. अल्बर्ट स्टंकर्ड या मनोविकारतज्ज्ञांनी 1959 मध्ये अशा खाण्याचे वर्णन केले. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. त्यावर उपचार आहेत. वेळच्या वेळी पुरेसे जेवण आणि प्रशिक्षित समुपदेशकाची मदत यांनी अनेकांना फरक पडतो.

म्हणून त्या बाईंना आम्ही सांगितले, "तुमच्यापेक्षा खंबीर म्हणून निवडलेल्या 36 जणांपैकीही काही जण असेच वागले. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला." आणि गुरुजींना एक विनंती केली : वर्गातल्या जाड मुलाला कोणी चिडवू लागले, तर ही म्हण नको, हा प्रयोग सांगा.