विळी, पाटा आणि भेदरं

आमच्या आजीच्या तोंडात टोमॅटो हा शब्द बसत नाही. ती भेदरं म्हणते. कराडच्या बाजूला जुन्या बायका अजून तसंच म्हणतात. आणि मटणाच्या रश्शात ती भेदरं घालत नाही. हे मला लहानपणापासून दिसत होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता. पुण्यात फ्लॅटवर राहायला लागल्यावर मी पहिल्यांदा मटण केलं, तेव्हा चार टोमॅटो घातले. कारण मोबाइलवर पाहिलेल्या प्रत्येक रेसिपीत कांदा-टोमॅटो हाच 'बेस' होता. वेळ वाचावा म्हणून दोन्ही कच्चेच मिक्सरमधून काढले. पाऊण तास परतलं तरी ते गुलाबी पाणी नुसतं उकळत राहिलं. तेल सुटेना, आणि चव कडवट आंबट. आजीला फोन लावला. तिनं एवढंच विचारलं, "कांदा आधी वाटलास का आधी भाजलास?"

त्या प्रश्नाच्या मागे मी गेले काही महिने लागलोय. कांदा किती बारीक चिरायचा यावर लोक हिरीरीनं भांडतात. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आजीचाच आहे: आधी हत्यार की आधी विस्तव? आणि त्याचं उत्तर चवीइतकंच घरातल्या अवजारांनी आणि ती चालवणाऱ्या हातांनी ठरवलेलं आहे.

सुरुवात जुन्या पाककृतींपासून. माळव्यात मांडूच्या सुलतानांच्या दरबारात 1500च्या आसपास 'निमतनामा' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. अबुल फझलची 'आईन-ए-अकबरी' ही त्याच शतकाच्या अखेरची. दोन्हींत टोमॅटो नाही, आपली मिरचीही नाही. 'आईन'मध्ये दोप्याजाची सामग्री दिली आहे: दहा शेर मटणाला दोन शेर तूप आणि दोन शेर कांदा. म्हणजे मटणाच्या एक पंचमांश. मी आज एक किलो मटणाला अर्धा किलो कांदा सहज घेतो. नावातच प्याज असलेल्या शाही पदार्थापेक्षा माझ्या साध्या रश्शात कांदा जास्त! पण अबुल फझल फक्त वजनं देतो. कांदा चिरला की ठेचला, आधी पडला की नंतर, यावर तो गप्प. आमच्या धंद्यात याला म्हणतात कॉन्फिग फाइल मिळाली, कोड नाही मिळाला. बहुधा ते सांगायची गरज त्याला वाटली नसावी. मुदपाकखान्यातल्या माणसांना ते ठाऊकच असणार.

टोमॅटो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या जहाजांमधून तो इकडे आला असं मानतात, पण मिरचीसारखा तो झटकन घरात शिरला नाही. बंगालीत त्याला 'बिलिती बेगुन' म्हणत, म्हणजे विलायती वांगं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉटनं भारतातल्या शेतमालाचा मोठा कोश केला. त्यातही टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवला जातो आणि बंगाली व ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालतात, अशा अर्थाची नोंद आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात टोमॅटोला आजही जागा नाही. आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच होती, आमसूल होतं, दही होतं, उत्तरेत आमचूर आणि अनारदाणा होता. टोमॅटोनं यांची जागा घेतली, आणि वर रस्सा दाट करायचं कामही पत्करलं. ते काम आधी खोबरं, तीळ, खसखस, डाळवं आणि कांदा करत होते. 'आपली पारंपरिक कांदा-टोमॅटो ग्रेव्ही' असं कुणी म्हणालं की मला म्हणून जरा हसू येतं.

आता रसायनाकडे. कांदा जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतो. त्याच्या पेशींमध्ये गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. चिरलं की कप्पे फुटतात, दोन्हींची गाठ पडते आणि उग्रपणा तयार होतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायू बनवायला वेगळंच एक एन्झाइम लागतं, हे जपानी संशोधकांनी 2002 साली 'नेचर'मध्ये दाखवलं. पुढे 2013 साली त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं. मुद्दा असा, की जितक्या जास्त पेशी फुटतील तितका उग्रपणा जास्त. उभ्या चिरलेल्या कांद्यात त्या कमी फुटतात, बारीक चिरलेल्यात जास्त, आणि मिक्सरमध्ये जवळजवळ सगळ्याच. पण आख्खा किंवा मोठे तुकडे केलेला कांदा आधी भाजला, तर उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं. मग तो कितीही गुळगुळीत वाटा, उग्रपणा येत नाही, गोडवाच येतो. चुलीच्या निखाऱ्यात कांदा आणि खोबऱ्याची वाटी भाजून मग पाट्यावर घेणाऱ्या बायकांना एन्झाइम हा शब्द माहीत नव्हता. क्रम मात्र पक्का माहीत होता.

माझ्या गुलाबी पाण्याचंही कोडं सुटलं. पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकतं. कांदा तांबूस व्हायला पृष्ठभाग कोरडा होऊन बराच वर जावा लागतो. त्यात टोमॅटोची भर: त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, शिवाय आम्ल. आम्लात कांद्याचं पेक्टिन घट्ट राहतं, म्हणून टोमॅटो लवकर पडला तर चिरलेला कांदा शिजून विरघळत नाही, तुकडे तसेच दाताखाली येतात. आणि कच्चा टोमॅटो वाटून ठेवला की त्याचीच एन्झाइम्स त्याचं पेक्टिन तोडू लागतात. वर पाणी, खाली चोथा. टोमॅटोची पेस्ट करणारे कारखाने दाट माल हवा असेल तर टोमॅटो फोडल्याबरोबर नव्वद अंशांच्या आसपास तापवतात, ते याचसाठी. घरी मोठ्या फोडी तापलेल्या तेलात टाकल्या की साधारण तेच होतं.

कांद्याच्या उभ्या-आडव्याचं थोडक्यात: पेशी बुडखापासून शेंड्याकडे लांबट असतात. उभा चिरला तर पाकळ्या टिकतात, म्हणून बिर्याणीच्या तळलेल्या कांद्याला तो. आडवा चिरला तर लवकर विरतो. विळीवर दोन्ही होतं, कांद्याला चौकड्या पाडून बारीकही चिरता येतो. पण वाटणासाठी बारीक चिरायचे कष्ट घ्यायचे कशाला, पुढे पाटा आहेच की.

पाट्याचं मात्र थांबून बोलायला हवं. पाटा चिरत नाही, रगडतो. त्याला थोडंच पाणी लागतं. गुळगुळीत झाला की टाकी लावून पुन्हा खरबरीत करावा लागे, त्यासाठी गल्लीत आरोळी देत येणाऱ्या बायका आजीला आठवतात. मिक्सरचं पातं कापतं, हवा मिसळतं, आणि पाणी घातल्याशिवाय माल पात्याखाली येतच नाही. ते पाणी पुन्हा आटवायचं म्हणजे जास्त परतणं आलं. मुळात युरोपातले मिक्सर आपल्या वाटणासाठी केलेलेच नव्हते. 1960च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये काम केलेल्या सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल अशी मोटर बसवून नवा मिक्सर बनवला, तो 'सुमीत'. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी घराघरात गेलं. शहरातल्या स्वयंपाकघरात ओटा आला, बाई उभी राहिली, विळीच्या जागी सुरी आली.

टोमॅटोला खरा मान मिळाला तो हॉटेलात. फाळणीनंतर दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महल' सुरू झालं आणि तिथल्या टोमॅटो-लोण्याच्या ग्रेव्हीनं देश पादाक्रांत केला. ती नेमकी कुणाची, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेलाय. आज हायवेवरच्या कुठल्याही हॉटेलात सकाळीच कांदा, टोमॅटो, काजू, मगज उकडून एका मोठ्या पातेल्यात नारिंगी ग्रेव्ही तयार असते. पनीर, कोफ्ता, मिक्स व्हेज, सगळ्यांना तीच. क्रमाच्या दृष्टीनं ती चूक नाही म्हणा. आधी विस्तव, मग पातं. फक्त कांदा भाजण्याऐवजी उकडलाय, म्हणून तिला खमंगपणा नाही.

आमच्याकडे दिवाळीला सगळे जमले की माझे काका ठरल्याप्रमाणे म्हणतात, पाट्यावरच्या वाटणाची चव गेली ती गेलीच. मीही मान डोलवायचो. दोन वर्षांपूर्वी आजीनं त्यांना मध्येच तोडलं. "मग उद्यापास्नं तूच वाट की." चौदा माणसांचं वाटण रोज एक तास, तीस वर्षं. तिचा उजवा खांदा आता वर जात नाही, वेणी माझी आई घालते. मिक्सरसाठी घरात भांडण तिनंच केलं होतं, आणि तो आल्यावर पाटा परसात नेऊन टाकला तोही तिनंच. चवीत फरक आहे का, हे मी नंतर एकटीला गाठून विचारलं. "हाय की," म्हणाली. "पर कांदा नीट भाजला तर कळतंय कुणाला?"

गेल्या महिन्यात पुन्हा मटण केलं. कांदा उभा चिरला, तेलावर चांगला तांबूस केला, खोबरं वेगळं भाजलं, गार झाल्यावर अगदी थोड्या पाण्यात वाटलं. भेदरं नाही. तरी कांद्याला रंग यायला फारच वेळ लागत होता, म्हणून मध्येच फोन केला.

"लाल हाय का उन्हाळी?" तिनं विचारलं.

पिशवीत पाहिलं. खरिपाचा नवा लाल कांदा होता. चाळीत मुरलेल्या उन्हाळी कांद्यापेक्षा याला पाणी जास्त.

"मग येळ लागंलच. आच वाढव, आन् झाकण ठेवू नगंस."