नकाशावरचं डेझर्ट

शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये आर्डनच्या जंगलाला डेझर्ट म्हटलंय. तिथे ओकची जुनी झाडं आहेत, ओढा वाहतोय, घायाळ हरीण त्याच्या काठाशी येतं. तरीही डेझर्ट! १५९९च्या सुमारास या शब्दाला वाळू लागत नव्हती, माणसं नसली की पुरे होतं. मूळ लॅटिन क्रियापद 'सोडून जाणं' या अर्थाचं. सैन्यातून पळालेला 'डेझर्टर' त्याच घरातला. आपलं 'ओसाड' याच्या सर्वांत जवळचं. रॉबिन्सन क्रूसोच्या बेटावर द्राक्षं लगडलेली, शेळ्या हुंदडणाऱ्या, पण अशा बेटाला इंग्रजी आजही डेझर्ट आयलंडच म्हणते. वाळू चिकटली ती बरीचशी बायबलमुळे, कारण त्यातल्या निर्जन जागा सिनाईसारख्या कोरड्या मुलखातल्या होत्या.

हे दोन्ही अर्थ एकत्र आले आणि अनर्थ झाला, तो अमेरिकेत. १८२० साली मेजर स्टीफन लाँग प्लॅट नदीच्या काठाने रॉकी पर्वताकडे गेला. त्या मोहिमेच्या नकाशात मधल्या गवताळ मैदानांवर ठळक अक्षरांत 'ग्रेट डेझर्ट' छापलं गेलं. ठाव-ठिकाणा नसलेल्या इंडियनांच्या टोळ्या इथे शिकारीमागे भटकतात, अशी टीपही त्याच नकाशावर आहे. म्हणजे माणसं दिसली होती, पण ती वस्तीत धरली नाहीत. मला हा नकाशा म्हणूनच खुपतो.

वाटेत लाँगने पॉनी लोकांची गावं पाहिली होती. मातीने लिंपलेली मोठी गोल घरं, बायकांनी पिकवलेला मका, घेवडा, भोपळा. रानगव्यांच्या शिकारीसाठी वर्षातून दोनदा अख्खं गाव मैदानांत उतरायचं आणि वाळवलेला मका जमिनीतल्या पेवांत पुरून ठेवायचं. पेवं भरून बाहेर पडणाऱ्याला भटक्या कसं म्हणायचं? ती मैदानं त्यांच्या संसाराचाच भाग होती.

१८७७च्या डेझर्ट लँड अ‍ॅक्टने पश्चिमेकडच्या प्रांतांपुरती शब्दाची व्याख्या बदलली: पाटपाण्याशिवाय पीक येत नाही ती जमीन डेझर्ट. माणसांचा उल्लेख गेला, पाण्याचा आला. एकराला सव्वा डॉलर भरून, पाणी आणण्याच्या अटीवर ६४० एकर मिळू लागले. तोवर पॉनींना नेब्रास्कातून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेलेलं होतं.